पुढच्या चाकाची खडखड

व्हय, जीपचं पुढचं चाक म्याच खोललं. गॅरेजला न्हाय नेली, घरीच, पत्र्याच्या शेडाखाली, तुमी गोणपाट हाथरून जिथं जीपखाली शिरायचा तिथंच. लगेच डोळे वटारू नका. मागच्या चाकांना दगड लावले, गिअरात टाकली, नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता खाली बाभळीचा ओंडका सारला. तुमी सांगितल्यालं समदं केलं. तुमी असताना एवढं ऐकलं असतं तर घरात भांडण कशावरनं झालं असतं, ते सांगा.

पोराचं म्हणणं पडलं, पुढचं चाक लई खडखडतंय, बॉल जॉइंट पार गेलेत, नातीला शेताकडं नेताना एखाद्या दिवशी चाकच आडवं व्हईल. एक तर जॉइंट बदलू, न्हायतर गाडी भंगारात देतो म्हनला. त्याचं खोटं न्हाय, म्हणून तर मला राग आला. मला गाडीबी द्यायची नव्हती अन् जॉइंटबी बदलायचे नव्हते. ती खडखड माझी व्हती. तुमी अणदूरच्या लाइनीवर भाड्याच्या शिटा सोडून यायचा, वेशीच्या खड्ड्यात चाक गेलं की आधी एक खड्, मग जरा थांबून खडखड. रस्त्यानं किती जीपा जायच्या, माझं ध्यान नसायचं. आपली खडखड आली की मी तवा चुलीवर ठेवायची, अन् तुमी हातपाय धुवून पाटावर बसूस्तवर भाकरी फुगल्याली असायची. सासूबाई म्हणायच्या, हिचे कान हायेत का काय. तुमी दर दसऱ्याला म्हणायचा, औंदा जॉइंट बदलतो, अन् गाडीला हार घालून मोकळं व्हायचा. तुमी गेल्यावर पोरगं शेतावरनं गाडी घेऊन येतं, खड् व्हतं, थांबतं, खडखड व्हतं, अन् माझा हात अजून तव्याकडं जातो. तवा तापस्तवर ध्यानात येतं कोण आलंय ते. पण तेवढा तवा तापस्तवर बरं वाटायचं.

बॉल जॉइंट म्हंजी काय, ते मला तुमीच शिकवलं. नवी सून मी, उगं इचारलं की चाकाला लोण्यागत काय लावताय. तुमी ग्रीसचा हात माझ्या खुब्यावर ठेवून म्हणालात, हितं वाटीत गोळा फिरतो का न्हाय, तसंच चाकाचं. ओट्यावर सासूबाई तांदूळ निवडत बसल्या व्हत्या. लुगड्यावर पाची बोटं उमटली अन् मी दिसभर भिंतीला पाठ लावून हिंडले. मग तुमच्या हाताखाली मीच. तुमी खाली उताणं, मी टायरच्या बुडात पहार घालून उचलायची, तुमी जॉइंट कुठं हलतो ते बघायचा. उचल. सोड. दमानं, डोसकं हाय माझं खाली. एकदा मला खोडी सुचली, पहार ठेवली अन् तुमच्या तळपायाला गुदगुल्या केल्या. तुमी दचकून वर आलात ते कपाळ लोखंडावर आपटलं. टेंगूळ आलं, अन् तुमी गावभर सांगितलं दाराची चौकट लागली. रागावलात मातर. ह्या कामात हसायचं न्हाय, म्हणालात, चाकाच्या मागं माणसं बसल्याली असत्यात.

परवा मी खाली अन् सून वर, पहारीला. ती आधी म्हनली, आत्या, ह्या वयात हे कुणी सांगितलं तुमाला? म्या म्हनलं, तुझ्या सासऱ्यानं, अन् त्यांना माघारी इचारायची सोय न्हाय. मग ती हसली अन् पहार घातली. मी खालनं म्हणते, उचल. सोड. दमानं, डोसकं हाय माझं खाली. तुमचेच शब्द, जसेच्या तसे, पण तोंडातनं आवाज माझाच निघतो. मी तशीच पडून राह्यले जरा. सून म्हनली, काय झालं? म्हनलं, डोळ्यात माती गेली.

चाक काढलं, ड्रम काढला, नटाच्या आडव्या पिनीला हात घातला तर ती वाकडी, काळी अन् बारीक. पुसली. माझा केसाचा आकडा. अवो, तो आकडा जत्रंत घेतल्याला, दोन पाकळ्यांचा, त्याच्यापायी मी धाकट्या नणंदंवर आळ घेतला व्हता, अन् तुमी तिथंच बसून गुमान भाकरी खात व्हता. पिन घावली न्हाय म्हणून बायकोच्या डोस्क्यातला आकडा काढून चाकाला लावणारा माणूस सबंध जिल्ह्यात तुमीच असताल. तरी चाक पडलं न्हाय. मी एवढी हसले की पोरगं शेडात पळत आलं, अन् मग मला हसू काही आवरंना, अन् ते हसू राह्यलंबी न्हाय. त्यानं माझ्या हातातनं पाना घेतला.

नवे जॉइंट म्या राती फ्रीजात ठेवले व्हते, दह्याशेजारी. गार लोखंड आकसतं, पटकन बसतं, हे तुमी लोकांच्या गाड्यांना बर्फाच्या गाडीवाल्याकडनं बर्फ आणून करायचा. जुने काढायला दोन्हीकडनं हातोडे घालावे लागले. नवे बसले. नट आवळले, बाजारची नवी पिन घातली, आकडा न्हाय. पहार घालून बघितलं, चाक तसूभर हललं न्हाय. तुमी असता तर म्हणाला असता, हं. त्याच्यापुढं तुमी कवा कौतुक केलं न्हाय.

मग पोरगं सुनंला अन् नातीला बसवून शेताकडं चक्कर मारायला गेलं. मला चल म्हनले, मी म्हनलं, भाकरी टाकायच्यात. पीठ मळून बसले अन् कान वेशीकडं. लई वाट बघितली. मला वाटलं अजून रानातच हायेत. तवर नात चुलीपाशी येऊन उभी. गाडी आली, दारात लागली, इंजन बंद झालं, अन् मला पत्ताच न्हाय. तवा गार व्हता. पोरगं खुशीत म्हनलं, "आई, बघ, जरासुदीक आवाज न्हाय." म्या म्हनलं, "लई चांगलं झालं, बाळा." त्याची बायको-पोर बसत्यात त्या गाडीत. दुसरं काय म्हणणार व्हते.

हे लिहून कुठं पाठवू, तुमच्या वाटंला पोस्टमन जात न्हाय. आकडा घासूनपुसून केसात लावलाय, सून म्हनती गंजल्याला कशाला लावता. जुने जॉइंट शेडात खिळ्याला टांगलेत, एक धरून हलवून बघितला. आत गोळा खुळखुळतो नुसता, खडखड न्हाय. तिला खड्डा लागतो, गाडी लागती, अन् येणारा लागतो.

अन् एक म्या सांगितलं न्हाय, पोरालाबी न्हाय. तुमचा आवाज मला आठवत न्हाय. लई वरसं झाली.