शकूला रंग यावा म्हणून

९ एप्रिल, राजापेठ
शकू हिवरखेडहून आली. माझी धाकटी बहीण; जन्मापासून पांढरीफटक, पापण्यासुद्धा. मानेवरची जखम चार महिने भरत नाही. "घामानं चिघळली असंन," म्हणे. भाजीचा मळा सोडून डॉक्टरकडे यायला बाईसाहेबांना सवड कुठली. चिडले. मग तीही चिडली.

११ एप्रिल
जखमेचा तुकडा तपासायला दिला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, लहानपणी उन्हात किती असायची? शकू म्हणाली, "मळ्यातलेच आमी, मॅडम."
उन्हानं रंग येतो, असं आईला कुणीतरी सांगितलेलं. आई म्हणे, गोरीला नवरा मिळतो, अशा पांढऱ्या भुरीला कोण करतो? आई भाजी तोडायला जाई, म्हणून काम माझ्याकडे. मी बारा, ती पाच. तिळाचं तेल चोळून दुपारी उन्हात खाटेवर बसवायचे. रडली की, "आणखी शंभर मोज." शंभर झाले की पुन्हा शंभर. आकडे ती तिथंच शिकली.

१९ एप्रिल
रिपोर्ट आला. त्वचेचा कॅन्सर. ही कातडी रंग धरतच नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ती नुसती भाजते. मळ्यातलं ऊनही आहेच. पण पहिलं ऊन मी दिलं. शिकवणीत आज काय शिकवलं, आठवत नाही.

२० एप्रिल
आईला फोन. "पुरं ऊन देलं असतं त रंग आला असता. तू अर्ध्यातच उठवत जाय तिले."
खरंच उठवलं असतं तर. भांडायचं बळ नव्हतं, फोन ठेवला.

२६ एप्रिल, अकोला
ऑपरेशन झालं. मानेतली एक गाठही काढली. पसरलंय का, ते तिच्यावरून कळेल. शकू शुद्धीवर. चहा फिका म्हणून नर्सशी वाद.

२८ एप्रिल
आज सांगून टाकलं. तेल, खाट, शंभर आकडे, सगळं. माझ्यामुळे झालं म्हणाले. रडले.
शकू म्हणाली, "ते काहून काढतं आता? पोट्टे भुरी म्हनून हासत. माह्याजवळ दुसरं कोन बसे व, ताई? तूच बसे."
बसायचे खरी. मी निंबाच्या सावलीत बसायचे. एवढंच सांगायचं राहिलं. ती माझा हात धरून झोपली.
गाठीचा रिपोर्ट सोमवारी.