तीनदा विचारण्याची रीत

शनिवार, ३ फेब्रुवारी १९४५. सांगली.
काल कचेरीतून येताना सायकलवरून पडलो. चूक म्हशीची. मी घंटी वाजवली होती. मांडीच्या हाडाला फ्रॅक्चर, म्हणून उचलून थेट इस्पितळात आणलं. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे. हा झाला सामान्य माणसाचा हिशेब. माझी विल पॉवर त्यांना ठाऊक नाही. पंधरा दिवसांच्या लीव्हची ॲप्लिकेशन हेडक्लार्कना पाठवली.
पाय दोरीने टांगलाय, खाट पायथ्याकडून विटांवर चढवलीय. वॉर्डात सात खाटा आहेत, पण अशी व्यवस्था फक्त माझी.
आमचा सातारा इंग्रजांचा, सांगली संस्थान. म्हणजे कायद्याने पाहता मी परराज्यात आजारी पडलो आहे. आमच्या घराण्यात हा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता.

रविवार, ४ फेब्रु. सायंकाळ.
शेजारच्या खाटेवर तवनाप्पा म्हणून जैन शेतकरी आहे. हळद शिजवताना कढईतलं पाणी सांडून पाय भाजला. बायको गुणमाला सोबतीला राहून मागच्या अंगणात स्वयंपाक करते. मला दुपारी खाणावळीचा डबा, रात्री इस्पितळाचं कपभर दूध.
पाच वाजता बाईंनी विचारलं, जेवता काय. मी रीतीप्रमाणे नको म्हणालो. आमच्या साताऱ्यात पहिलं नको म्हणजे नुसता नमस्कार. दुसऱ्या नकोला पाट मांडतात. तिसऱ्यांदा विचारलं की माणूस नाइलाजाने बसतो. बाई बरं म्हणाल्या आणि टोपली झाकली. दिवस मावळल्यावर ते लोक खात नाहीत, त्यामुळे उजेड असतानाच भांडीसुद्धा घासून झाली. घेवड्याच्या आमटीचा वास मात्र बराच वेळ होता.
परदेशात असे गैरसमज व्हायचेच.

सोमवार, ५ फेब्रु.
निश्चय : पहिल्या विचारण्यालाच हो म्हणायचं.
५.१० : विचारलं. नको म्हणालो. वर कशाला त्रास, असंही म्हणालो.
तवनाप्पा म्हणाला, आवं साहेब, भूक हाय का न्हाई तेवढं सांगा, तरास आमचा आमी बघतो. मी म्हणालो, तशी भूक नाहीच. दूध आज पातळ होतं.

बुधवार, ७ फेब्रु.
शरयूला पत्र लिहिलं. जूनमध्ये इथली नोकरी धरली तेव्हा ती म्हणाली होती, मी येऊ का बरोबर? मी म्हणालो, नको, परक्या मुलखात तुझे हाल होतील. ती म्हणाली, बरं. आठ महिने झाले त्याला. बायको साताऱ्याची असून असं वागली याचं नवल वाटतं. माझी ट्रंक भरताना तिच्या दोन साड्या बाजूला काढलेल्या होत्या, त्या तिने परत कपाटात ठेवल्या. मी पाहत होतो. पुन्हा विचारील म्हणून थांबलो होतो.
पत्रात लिहिलं : किरकोळ दुखापत. काळजी नसावी. तू येण्याची मुळीच आवश्यकता नाही. 'मुळीच'खाली दोन रेघा मारल्या. एवढ्यावरून कुणालाही कळेल. सोमवारपर्यंत येईल.

सोमवार, १२ फेब्रु.
दाढी करून घेतली. आली नाही. मिरजेला गाडी चुकली असणार.

बुधवार, १४ फेब्रु.
पत्र आलं. आपण आवश्यकता नाही असे ठळक लिहिल्यामुळे हायसे वाटले, आज्ञेप्रमाणे येत नाही. बाईंना रेघासुद्धा वाचता येत नाहीत, आणि म्हणे सातवीची फायनल पास!
पुढे : वाईच्या मुलींच्या शाळेत तिला मास्तरणीची जागा मिळते आहे. दोन वर्षं सोडता येणार नाही, तशी बोली आहे. होकार-नकार बारा मार्चला त्यांच्या हातात हवा. आपल्याला माझी गरज असल्यास तसे लिहावे, मी वाईला नकार कळवून सांगलीस येते.
म्हणजे आठ महिन्यांवर आणखी दोन वर्षं. छातीत धस्स झालं. अशक्तपणामुळे असेल.
तवनाप्पाला पत्र वाचून दाखवलं. तो म्हणाला, ये म्हनून ल्ह्या की. लिहिलं. मग फाडलं. एका अक्षराचं पत्र पुरुषाला शोभत नाही. चौथा खर्डा पोस्टात टाकायला दिला : तुझा उत्कर्ष होत असल्यास माझी आडकाठी नाही. यातली व्यथा तिला बरोबर कळेल.

शनिवार, १७ फेब्रु.
पंधरा दिवस पूर्ण. प्रोग्रामप्रमाणे सकाळी चालायचं होतं. दोरी सोडवायला हात घातला तोच वॉर्डातली आया बनुबाई ओरडत आली. डॉक्टरही ओरडले. विल पॉवरला या राज्यात वाव नाही. लीव्ह वाढवली.

मंगळवार, २७ फेब्रु.
पत्र नाही. व्यथा कळली असेल तर उत्तराला इतके दिवस का लागावेत?
५.०० : गुणमालाबाई आता मला विचारतच नाहीत. तवनाप्पाने मात्र, दे गं आनी आर्धी, म्हणून भाकरी मागून घेतली. मागितली आणि मिळाली. काय ही माणसं!

सोमवार, ५ मार्च.
तवनाप्पा घरी गेला. जाताना म्हणाला, साहेब, हितनं सुटल्यावर आमच्या मळ्यात या, पाय धड हुईस्तवर ऱ्हावा, कोन हाय तुमाला हितं? मी म्हणालो, छे छे, माझी उत्तम सोय आहे. बरं, म्हणाला. बैलगाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत दिसत होती. खाट दिवसभर रिकामी आहे. रडू आलं. आज दूध घेतलं नाही.

गुरुवार, ८ मार्च.
शरयूचं कार्ड! आपल्या पत्रावरून उलगडा होत नाही, सबब रविवारी समक्ष येते. मी म्हणत नव्हतो?
निश्चय : तिने विचारताच राहा म्हणायचं. दोनच अक्षरं. बनुबाईला शरयू समजून तालीम केली. ती म्हणे, मी ऱ्हाऊ का? मी म्हणे, राहा. सात वेळा बिनचूक जमलं. बनुबाई म्हणाली, लय सोपं हाय की वो.

रविवार, ११ मार्च. संध्याकाळ.
शरयू अकराला आली. एकटी. वाळली आहे. टांगलेला पाय पाहून दाराशीच थांबली, मग म्हणाली, याला किरकोळ म्हणतात होय? पदराने माझं तोंड पुसलं. शेंगदाण्याचे लाडू आणले होते. बरोबर ट्रंक होती. मोठी.
तीन वाजून गेल्यावर म्हणाली, वाईला नकाराचं पत्र लिहून आणलंय, टाकू का? इथं राहू का तुमच्याजवळ?
मी म्हणालो, माझ्यासाठी कशाला नुकसान करून घेतेस. ही पहिली खेप, रीत म्हणून.
तिने खाली बघत पुन्हा विचारलं. आता पाट मांडायचा, एवढंच मनात. तोंडातून निघालं, इथं बनुबाई असतात, काही कमी पडत नाही.
मग ती उठून उभी राहिली आणि तिसऱ्यांदा विचारलं. अगदी हळू. म्हणाली, अहो, मला यायचंय, तुम्हाला हवी आहे का मी?
तीन झाले. मी मोजत होतो. रीतीत कुठे उणं राहिलं नव्हतं. मी म्हणालो, जशी तुझी इच्छा.
ती म्हणाली, माझी इच्छा सांगून झाली. तुमची विचारायला आले होते.
मी म्हणालो, गाडी साडेचारची आहे ना, निघ, उशीर होईल.
तिने लाडवांचा डबा उशाशी सरकवला, वाकून नमस्कार केला आणि ट्रंक टांग्यात ठेवायला हमाल बोलावला.
बनुबाई दारातून सगळं ऐकत होती. टांगा गेल्यावर आत येऊन माझ्यावर ओरडली, काय मानूस हाईसा वो तुमी! टेसनावर मानूस धाडू का, अजून येळ हाय. नको, म्हणालो. तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती.

सोमवार, १२ मार्च.
डॉक्टर म्हणाले, हाड जुळलं, पण पाय बोटभर आखूड राहील. वाईला आज होकार पोचला असेल.
दिवसभर कुणी काही विचारलं नाही.