सेगो कुणाच्या हाकेला येतो

३ ऑगस्ट
माझा म्हातारा दवाखान्यातून घरी आला! डॉक्टरांनी गळ्यातली गाठ काढली, पण आवाजही गेला तिच्याबरोबर. “परत येईल, न येईल, सांगता येत नाही,” म्हणाले. लग्न झाल्यापासून मी ओरडतेय – ब्वानाली, जरा गप्प बसा! आता बसलाय गप्प, तर घर खायला उठलंय.

७ ऑगस्ट
माझ्या धाकट्या भावाला, चांदेला, घेऊन रानात गेला होता. मध कुठल्या झाडात आहे ते सेगो दाखवतो, पण त्या पाखराला हाक नीट घालावी लागते. ती हाक गावात एकट्या म्हाताऱ्यालाच येत होती. चांदे घालतो, पण ती हाक कसली – बकरी शिंकल्यासारखी. दोघे रिकामे डबे घेऊन परतले. म्हातारा जेवला नाही.

११ ऑगस्ट
आंब्याखाली बैठक. गावाने हरणांना फास लावायचे सोडले, फासाच्या तारा जमा केल्या, म्हणून वनखात्याने रानातला मध गावाला दिला. हरणं पुन्हा नदीपर्यंत यायला लागली. सगळं खरं. पण मधच मिळाला नाही तर?
“हरणं बघून पोट भरतं का?” चांदे सगळ्यांसमोर म्हणाला. “माझ्याकडे अजून तार आहे.”
कुणी त्याला गप्प केलं नाही. म्हाताऱ्याने तोंड उघडलं, शब्द फुटेना. मला रडूच आलं – रागाचं! म्हटलं, मी घालते हाक.
केवढा हशा! मुखिया म्हणाला, “अगं आवासी, बाईच्या हाकेला सेगो आलाय कधी?”
“बाईने घातलीय कधी?”

१२ ऑगस्ट
म्हातारा हसला नव्हता. आज मी चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली ढवळत असताना मागे येऊन उभा राहिला. माझ्या पोटावर हात दाबला – इथून काढ. ब्रर्र-हम्म! चुकलं की चिमटा. या वयात! शेजारणी बघत होत्या.

१९ ऑगस्ट
घसा बसला. कोंबड्या मला घाबरतात.

२३ ऑगस्ट
आला!! “अक्का, चल घरी, ऊन चढलं,” अशी चांदेची भुणभुण चालली होती, आणि डोक्यावर पाखराची टरटर. या फांदीवरून त्या फांदीवर. थांबतो, मागे बघतो – या की!
चांदे झाडावर चढला. धूर देऊनही कानाला डसल्याच माश्या. म्हाताऱ्याने निखारे मातीत पुरले, रान पेटू नये म्हणून, आणि मला खूण केली. मी मेणाचा मोठा तुकडा पानावर ठेवला. तो पाखराचा.
“दाजी, तुमच्यापेक्षा अक्काचा आवाज बरा,” चांदे सुजलेला कान धरून म्हणाला. म्हाताऱ्याने पाठीत धपाटा घातला.
संध्याकाळी चांदेने तारेचं वेटोळं आंब्याखाली आणून टाकलं. 

६ सप्टेंबर
आता रानात मी पुढे, म्हातारा मागून डबे घेऊन. मुखियाची सूनही विचारत होती, मला शिकवाल का? तोरा चढलाय मला, खोटं कशाला लिहू! पण त्याच्याकडे बघून जीव तुटतो. ज्याच्या हाकेला रान ओ द्यायचं, तो मुकाट डबे वाहतो.

८ सप्टेंबर
पहाटे पाणी घेऊन परतले, तर घरामागून शिव्या. बकरीने दोर खाल्ला होता. आणि तिचा उद्धार चालला होता – त्याच खणखणीत आवाजात!
मी मुद्दाम भांडं आपटलं. एकदम शांतता. म्हातारा बाहेर आला, गळ्याला हात लावून, बिचारा चेहरा करून. रानाकडे बोट दाखवलं – चल, उशीर होतोय.
मीही काही कळलंच नाही अशी डबे त्याच्या हातात दिले आणि पुढे झाले.