माडीवरची तुळई

३ मार्च १९३१, सफोक, इंग्लंड
कापली! क्लेमंटने माडीवरची मधली तुळई करवतीने कापून टाकली. दोन खोल्यांच्या मध्ये छातीएवढ्या उंचीवर आडवी होती. पलीकडे जायचं तर खालून वाकून जावं लागायचं. मला आठवा महिना. "आता राणीसारखी ताठ चाल," म्हणाला. घामाघूम झालेला, भुवयांवर भुसा. असा नवरा कुणाला मिळतो! दिवसभर उगीच इकडून तिकडे फिरले.

११ मार्च
मागचं दार लागत नाही. ओलीने फुगलं असेल.

१५ मार्च
आता खिडकीही अडकते. पलंगाजवळच्या कुडाच्या भिंतीला भेग पडलीय – बोट जातं आत. छपराखाली सतत कुरकुर. क्लेमंट म्हणतो, "ओकचं घर आहे, चारशे वर्षं कुरकुरतंय. तुझेच कान हल्ली तिखट झालेत." असेलही. पण एका जागी बसवत नाही. चहा करते, प्यायचा राहतो. बाहेर जाऊन भिंत बघते, आत येते, पुन्हा बाहेर.

१८ मार्च
क्लेमंटला न विचारता गॅरड सुताराला बोलावलं. कापलेली जागा बघून त्याने टोपीच काढली. "अहो बाई, हिनेच दोन्ही भिंती धरून ठेवल्या होत्या! आता छपराच्या भाराने त्या बाहेर चालल्यात." लोखंडी सळई आरपार घालून भिंती आवळायच्या, एवढाच उपाय. पण आमचं आणि शेजारचं घर एकाच सांगाड्याचं. आवळताना सगळंच हलणार. पलीकडचं तपासल्याशिवाय तो हात लावणार नाही.

पलीकडे थोरले दीर, रूबेन. त्यांची बायको लेटी वारली, तेव्हापासून त्यांनी आम्हाला उंबऱ्याच्या आत घेतलेलं नाही. क्लेमंटने ते मनाला लावून घेतलंय. "घर पडलं तरी चालेल, त्याच्या दारात जाणार नाही!" घर पडलं तरी! आणि बाळाला कुठे निजवू, तुझ्या तोऱ्यावर? हे बोलले मात्र नाही.

२० मार्च
भेग रुंदावलीय. आज बोलले. सगळंच बोलले. तो कोबीच्या वाफ्यात जाऊन उभा राहिला. उद्या मीच जाते.

२१ मार्च
गेले. रूबेननी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग वर छपराकडे. "कापली ना त्याने?" – यांना कसं कळलं? म्हणाले, "उद्या गॅरडला आण. त्यालाही आण."

२२ मार्च
क्लेमंट शेवटी आला. रूबेनच्या माडीच्या दाराला खिळे ठोकलेले. ते उपटले. आत – त्यांचीही तुळई कापलेली! लेटीचे दिवस भरत आले होते, तिला वाकावं लागू नये म्हणून. बाळंतपणात ती गेली, बाळही गेलं; रूबेन पुन्हा वर चढले नाहीत. दोन्ही घरं आता मधल्या भिंतीतल्या उरलेल्या एका तुळईवर उभी आहेत. गॅरड ओरडला, "सगळे बाहेर!" मी बागेत पळाले. क्लेमंट येईना. वरच्या खिडकीतून त्याचं रडणं ऐकू आलं, आणि मग रूबेनचा आवाज, "ऊठ, क्लेम. तुझी बाहेर उभी आहे."