अष्टमीची गोळी

नागपूर,
घटस्थापना, १९७४

तीर्थरूप मायले शामलाचा दंडवत.

मी मजेत आहे. होस्टेलचं वरण आता गळ्याखाली उतरते. आपल्या शेजारचे रुपरावकाका इतवारीच्या बाजारात भांडे घ्यायले आले होते. ते फाटकापाशी थांबून आहेत, त्यायच्याच हाती हे पत्र देऊन राहिली. टपालानं तीन दिवस लागतील, तेवढा धीर मले नाही.

माय, उपासासाठी तू तुही दम्याची पांढरी गोळी आजपासून बंद केली असशील, तर हे वाचल्याबरोबर घे.

आज नर्सिंगच्या वर्गात सिस्टरनं शिकवलं. ताप, उपास, भेव, असं काही आलं की आपलं शरीर आतून एक रस सोडते अन् आपल्याले उभं ठेवते. ही गोळी वर्षभर घेतली की शरीर तो रस बनवणंच सोडून देते. मंग गोळी एकदम बंद केली, तर आत काहीच उरत नाही. माणूस घामाघूम होते, ओकते, पडते. जीवही जाते.

तवापासून मले काही सुचून नाही राहिलं. बाबाचा खोकला कसा आहे? आपली लहानी जया शाळेत जाते ना?

मागच्या नवरात्रातही तू गोळी सोडली होती; अष्टमीले तू घटापुढं कोसळली, तर सारे म्हणाले, देवी आली. गल्लीतल्या तुळसाबाईनं तुले कुंकू लावलं. पाणी कोणीच नाही दिलं.

उपास मोडल्याचं पाप माह्या नावावर टाक. देवीले सांग, पोरीनं शपथ घातली.

त्या दिवशी मी पण तुह्या पाया पडली वं, माय.

तुही,
शामला