गाठोडं, घंटागाडी आणि एक पायपुसणं

मु. पो. पेठ, ता. आंबेगाव
संक्रांतीनंतरचा रविवार, २००४

रा. रा. संपतअण्णा यांस,

हौशीरामचा दोन्ही हात जोडून नमस्कार (उजव्या हाताची बोटं सुईने भोसकून निघालीत म्हणून अक्षर असं, कारण पुढे येईल). साळुवहिनींचे गुडघे कसे आहेत? धरणावरच्या वाऱ्याने ठणकत असतील. म्हैस व्याली का? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे स्वतःच्या हातचं खाऊन माणूस जेवढा ठीक राहतो तेवढं. तुमची बहीण सोमवारपासून तुमच्याकडे आहे. तिने काय सांगितलं असेल ठाऊक नाही. ती बोलते कमी, पण गप्प बसून सगळं सांगते, म्हणून माझी बाजू लिहून कळवतो. ती परत यावी म्हणून हे पत्र लिहिलेलं नाही, एवढं आधीच स्पष्ट करतो.

तुम्हाला माहीतच आहे, एसटीतून रिटायर झाल्यापासून मी घरात नुसता पायात पायात येत होतो. त्यात आमच्या ग्रामपंचायतीने घंटागाडी सुरू केली (गाडी म्हणजे ट्रॅक्टरची ट्रॉली आणि शाळेची जुनी घंटा). सरपंच म्हणाले, "दाजी, जन्मभर घंटा वाजवली तुमी, आता हीबी तुमीच वाजवा." झालं. मी स्वच्छता समितीचा अध्यक्ष. घरोघर दोन बादल्या वाटल्या, हिरवी ओल्या कचऱ्याला, निळी सुक्याला. पंचायत सुका कचरा निवडून भंगारात देणार, आणि जुन्या कपड्यांची बचत गटाच्या बाया पायपुसणी करणार. मी ट्रॉलीच्या पुढे कर्णा घेऊन चालायचो आणि सवयीने मधूनच ओरडायचो, "चला, पुढे सरका!" लोक खरोखरच पुढे सरकायचे आणि कचरा कुणीच द्यायचं नाही.

द्यायला होताच कुठे? सखूबाईच्या दारात मी अर्धा तास पुनर्वापराचं महत्त्व सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाली, "भाऊ, आमच्यात कचरा नाय व्हत. शिळं म्हशीला जातं, राख-शेण उकिरड्यावर, फुटक्या डब्यात तुळस लावली. तुमाला काय देऊ?" तिच्या हिरव्या बादलीत पेंड भिजत होती आणि निळीत कोंबडीची पिल्लं होती. गावभर हीच तऱ्हा. ट्रॉली रिकामी जायची ती रिकामी यायची. मला लई लागलं, अण्णा. नोकरीत माझी गाडी कधी रिकामी गेली नव्हती. त्यात तालुक्याची तपासणी तोंडावर आली. सोमवारी साहेब येणार होते.

म्हणून ठरवलं, सुरुवात आपल्या घरापासून. तुमची बहीण मंचरच्या बाजारला गेली होती, तेव्हा मी घर धुंडाळलं. गादीखाली तिने धुऊन, पुसून, घडी घालून ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या होत्या. त्यांना हात लावायची छाती झाली नाही, एकेक पिशवी तिला पाठ आहे. पण खाटेखाली जुन्या कपड्यांचं एक गाठोडं सापडलं. विटलेलं, जीर्ण, उंदराला घर करायला सोयीचं. मी ते स्वतःच्या डोक्यावरून नेऊन ट्रॉलीत टाकलं आणि घंटा अशी वाजवली की शाळेतली पोरं दप्तर घेऊन बाहेर पडली.

सोमवारी चावडीपुढे मांडव घातला होता. पायरीशी बचत गटाने केलेलं नवं कोरं पायपुसणं. साहेबांनी त्यावर शेणामातीचे बूट पुसले, मागोमाग सरपंचांनी, मग मी (मी जरा जास्तच घासले, फोटो निघत होता). भाषणात मी ते पायपुसणं उचलून बायकांना दाखवलं आणि म्हणालो, ज्याला तुम्ही अडगळ म्हणता त्याचं सोनं होतं, आणि हे सोनं माझ्या घरचं आहे. टाळ्या पडल्या. तुमची बहीण पुढच्याच ओळीत होती. ती उठून स्टेजपाशी आली. मला वाटलं, अभिमान वाटला असेल. मी माईक तिच्यापुढे धरला, म्हणून तिचं बोलणं अख्ख्या पेठेने ऐकलं. "आईचं लुगडं हाय हे. तेजूच्या बाळाच्या गोधडीसाठी ठिवलं व्हतं." तिने ते माझ्या हातातून घेतलं, झटकलं, घडी घालून पिशवीत ठेवलं आणि समोरच लागलेल्या मंचरच्या गाडीत जाऊन बसली. तिथून ती तुमच्याकडे आली. कंडक्टर माझ्याच हाताखाली शिकलेला. त्याने माझ्याकडे बघून घंटी दिली.

अण्णा, तुमच्या आईंचं अंजिरी लुगडं मी शंभर वेळा पाहिलेलं. भरल्या गाडीत मी चेहऱ्यावरून पासवाला ओळखायचो, आणि हे ओळखलं नाही. फार लाज वाटते. घराघरांत जाऊन मी जे शिकवत होतो ते माझ्या खाटेखाली गाठ मारून ठेवलेलं होतं. बाकी तब्येतीला जपा, वहिनींना नमस्कार.

आपला,
हौशीराम

ता. क. येत्या गुरुवारी 'आदर्श घर' म्हणून साहेब आमचंच घर बघायला येणार आहेत. ओला कचरा कोणता नि सुका कोणता हे आमच्या घरात फक्त तिलाच कळतं. मी अंड्याच्या टरफलापाशी अडकलोय. तिला निदान गुरुवारपुरतं पाठवता आलं तर बघा.

ता. क. २. वरचं खोडलंय असं समजा. हे मंगळवारी लिहितोय, काल अध्यक्षपद सोडलं. खरं काम निराळं आहे. गाठोड्यातून आणखी दोन पायपुसणी झाली होती, एक पंचायतीच्या दारात, एक शाळेत. दोन्ही मागून आणली, रिठ्याने धुतली आणि टाके उसवत बसलो. पट्ट्या निघाल्या, पण पदराचा हातभर तुकडा काठासकट अख्खा मिळाला. गटातल्या बाईला तो कापवला नाही म्हणे, तसाच तळाला लावला होता. पट्ट्या मी त्याला जोडल्यात. शिवण बघून वहिनी हसतील, हसू द्या. आमची लेक तेजस्विनी होळीच्या सुमारास बाळंतपणाला इथे येईल. काल तिचा शेजारी फोन आला होता, "आईला द्या" म्हणाली. मी म्हटलं, रानात गेलीय. दुसऱ्यांदा असं खोटं मला जमणार नाही.

ता. क. ३. हे सगळं मंचरच्या रहमतुल्लाकडे देतोय, तो मासळी आणायला टेम्पो घेऊन धरणावर येतो. वास लागू नये म्हणून तुकडा पिशवीत घातलाय. पिशवी तिच्या गादीखालची आहे, न विचारता घेतली. तेवढी मात्र परत पाठवा, ती हमखास विचारेल. रहमतुल्लाकडे देऊ नका, तो हरवतो. पोस्टानेही नको. तिच्याच हाती द्या. मी रोज स्टँडवर असतो.