शेड, पाळणा आणि स्थिर दांडी

मी, गोकुळदास सगुण च्यारी, राहणार धारगळ, तालुका पेडणे, निवृत्त तंत्रशिक्षक, असे लिहून ठेवतो की माझे डोके शाबूत आहे, हात थरथरत नाही आणि आज सकाळी मी दोन उंडे पाव भाजीसकट खाल्ले आहेत. मला कोणी धाक घातलेला नाही. बायको कमलाक्षी स्वयंपाकघरात आहे, पण या कामात तिचे काही चालणार नाही.

१. यंत्राचे भाग कसे हलतात, हे मी जन्मभर शिकवले. चार दांड्या खिळ्यांनी एकमेकींना जोडल्या तर चौकट नुसती लुळी पडते. त्यातली एक जमिनीला घट्ट आवळा, की उरलेल्या तीन शिस्तीत हलू लागतात. आमच्या घराची ती घट्ट दांडी म्हणजे हमरस्त्यावरची शेड. मोपाला विमानतळ झाल्यापासून जो तो तिच्याकडे बघून ओठ चाटतो. माझा मुलगा सदाशिव फोंड्याला असतो. त्याचे म्हणणे, विकून टाकूया. मुलगी सुमंगला त्याच शेडीत पंप आणि पॉवर टिलर दुरुस्त करते. शेड गेली तर तिने लेथ काय माझ्या डोक्यावर बसवायचा? या एका काळजीने मला हे मृत्युपत्र लिहायला बसवले.

२. आमच्या गोव्यात नवराबायकोची मालमत्ता अर्धी-अर्धी. माझ्या अर्ध्यातला अर्धा मुलांचा, तो रागाच्या भरातही बुडवता येत नाही. उरते ती चौथाई, आणि तिच्यावर माझे राज्य. शेड बरोबर त्या चौथाईत बसते. म्हणून शेड, लेथ, ड्रिल आणि भिंतीवरचे सगळे पाने मी सुमंगलाला देतो.

३. तिलाच का, ते सदाशिवाला कळावे म्हणून रामनवमीची गोष्ट लिहितो. देवळातला पाळणा माझ्या वडिलांनी घडवलेला. एका वर्षी मला हुक्की आली. ट्रकच्या वायपरची मोटर, एक क्रँक, दोन दांड्या, आणि पाळणा आपोआप हलू लागला. काय देखणा हलत होता म्हणता! भर दुपारी जन्म झाला, गुलाल उडाला, आणि बघतो तर दोरी ओढायला रांगेत उभ्या असलेल्या बायका माझ्याकडे खाऊ की गिळू अशा बघतायत. सगळ्यांत पुढे कमलाक्षी. ती म्हणाली, "पाळणो आपसूक हालता, तर आमी हंय कित्याक इलों? गुलाल पुसूक?" बायका सुंठवडा न घेता घरी गेल्या. सुंठवडा न घेता! इतक्या वर्षांत देवळाने असे पाहिले नव्हते. माझा चुलतभाऊ शंभू खांबाला टेकून पोट धरून हसत होता.

सुमंगला तेव्हा नुकतीच आयटीआय होऊन आली होती. ती म्हणाली, "बाबा, मोटर काढा. जोर बायकांचा घ्या." पुढच्या वर्षी तिने सगळे उलटे केले. बायकांनी दोरी ओढली की पाळणा हले, आणि त्याच दांड्या पाळण्यावर टांगलेले लाकडी राव्यांचे, म्हणजे पोपटांचे, चाक फिरवत. पायाच्या शिलाई मशीनसारखे. चाक मध्येच अडू नये म्हणून तिने स्कूटरचे जड चाक मागे बसवले. त्या दिवशी बायका दोरी सोडीनात. भटजी आरतीसाठी ताटकळले आणि मी, पन्नाशी उलटलेला मास्तर, गुलालात नाचलो. दांड्या त्याच, जोर कुठून घ्यायचा एवढेच बदलले होते, आणि ते मला नाही, माझ्या मुलीला सुचले. देवा शपथ, एवढा आनंद मला पगारानेही कधी दिला नाही.

४. शंभूने माझा व्हर्नियर कॅलिपर उसना नेला तो नेलाच. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देऊ नये म्हणतात, म्हणून तो अजून उसनाच समजावा. पण त्या कॅलिपरने त्याने नारळ मोजू नयेत.

५. इथवर लिहिले आणि कमलाक्षी हात पुसत आली. मागे उभी राहून तिने सगळे वाचले. मग म्हणाली, "शेड तुमच्या चौथाईत कित्याक? ती माज्या अर्ध्यात घेतलंय. आनी माजी मी सुमंगलाक दितलंय. तुमची चौथाई सदाशिवाक द्या. तोय आमचोच मां?"

मी पेन खाली ठेवले. जन्मभर फळ्यावर दांड्या काढल्या आणि घरातली घट्ट दांडी कुठली, तेच चुकलो. ती शेड नव्हे. सदाशिवा, शेड आता आईच्या अर्ध्यात गेली, म्हणून कलम दोनमधली देणगी मी रद्द केली आहे. माझी चौथाई पूर्ण तुझी. आता बहिणीकडे ताठ मानेने जेवायला ये, आणि शेड विकायची असेल तर आईला विचार. हिंमत असेल तर!

६. माझ्यामागे रडारड नको. रामनवमीला पहिली ओढ कमलाक्षीची. इतरांनी रांगेत उभे राहावे.

हे सर्व मी राजीखुशीने लिहिले, पुन्हा वाचले आणि नोटरीपुढे नेण्यासाठी बाजूला ठेवले.

गोकुळदास सगुण च्यारी (सही)

साक्षीदार:
शंभू विठ्ठल च्यारी (सही) – कॅलिपर परत देणार नाही.
महादेव बाबाजी परब (सही)

धारगळ, २५ मार्च २०२३

वाचले. मान्य आहे. रामनवमी गुरुवारी आहे आणि पाळण्याला अजून तेल घातलेले नाही. मरायचे नंतर बघा, आधी तेल घाला.
कमलाक्षी गोकुळदास च्यारी